माप आतून बाहेर

उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयाभोवती १९५०च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकी मरीन सैनिक लढत होते, तेव्हा रात्रीचा पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या खाली उतरत होता. त्यांच्या पायांत ‘शूपॅक’ नावाचे बूट होते : खाली रबर, वर कातडे. बाहेरचे पाणी ते आत येऊ देत नसत आणि आतला घामही बाहेर जाऊ देत नसत. डोंगर चढताना पाय घामाने चिंब व्हायचे आणि सैनिक जागेवर थांबला की तोच घाम मोज्यात गोठायचा. हजारोंना हिमदंश झाला. त्यानंतर अमेरिकी लष्कराने जो बूट सैनिकांच्या पायांत घातला, त्यात लोकरीचे जाड भरण रबराच्या दोन थरांमध्ये कायमचे बंद करून टाकले होते. पाय घामेजला तरी घाम भरणापर्यंत पोचत नाही, बाहेरचे पाणीही पोचत नाही. पाय ओलसर राहतो, पण ऊब टिकते. त्याच्या फुगीर, गोल आकारामुळे सैनिकांनी त्याला ‘मिकी माउस’ म्हणायला सुरुवात केली. तो बूट आजही अमेरिकेतल्या सर्प्लसच्या, म्हणजे लष्कराच्या जुन्या-उरलेल्या मालाच्या, दुकानांत मिळतो.

थंडीच्या लष्करी कपड्यांमागची सगळी विद्या या एका बुटात दिसते. कुठेतरी माणसे गारठली, कोणाची बोटे गेली, मग कोणीतरी त्याचे कारण शोधले आणि पुढच्या शिलाईत ते उतरवले. दुकानातल्या दांडीवर टांगलेल्या जुन्या हिरव्या पार्क्याकडे मी याच नजरेने पाहते. टोपाच्या कडेत शिवलेली तार, कमरेतली नाडी, पाठीवरच्या दोन चुण्या, यांतले काहीही शोभेसाठी नाही. टोपाची तार वाकवली की चेहऱ्यापुढे बोगदा तयार होतो आणि त्यात वारा न लागलेली हवा थांबते. नाडी ओढली की कमरेवरची ऊब खाली निसटत नाही. चुण्यांमुळे हात पुढे नेताना कोट पाठीत ताणला जात नाही. हा कपडा चुकीच्या मापाचा घेतला, की यातली एकेक सोय निकामी होते. लोक तो बहुतेक वेळा चुकीच्याच मापाचा घेतात.

ही पुस्तिका लिहिण्यामागे तेवढेच कारण आहे. थंडीच्या कपड्यात माप हा उबेचाच भाग असतो आणि ते माप आतल्या थरापासून सुरू करून बाहेर न्यायचे असते. बाकी सगळे, म्हणजे कोणत्या देशाचा कोट, कोणत्या सालचा, कोणत्या भरणाचा, हे त्यानंतर येते.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर दोन प्रकारची माणसे आहेत. एक, जी मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारिओ अशा ठिकाणी शिकायला किंवा नोकरीला येतात. ऑगस्टमध्ये उन्हात उतरतात आणि डिसेंबरात बसथांब्यावर उभी राहून कळवळतात. पहिल्या सहामाहीत हातात पैसा नसतो, नवा चांगला पार्का परवडत नाही आणि सर्प्लसच्या दुकानात त्याच्या कितीतरी कमी किमतीत त्याहून मजबूत कपडा टांगलेला असतो. दुसरी, जी पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात लडाखला, स्पितीला जातात आणि परदेशातल्या नातेवाइकांना ‘येताना एक मिलिटरीचं जाकीट आण रे’ असे सांगतात. या दुसऱ्यांची अडचण जास्त मोठी आहे, कारण कपडा घालून पाहण्याची संधीच त्यांना मिळत नाही. लेबलवरचे आकडे वाचता आले तर त्यांचे काम होईल.

आधी ऊब कशी टिकते ते पाहू, कारण मापाचा सगळा हिशेब त्यातून निघतो. कोट ऊब देत नाही, शरीराची ऊब निसटू देत नाही, आणि हे काम मुख्यतः धाग्यांमध्ये, पिसांमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. जुनी रजई दबून दगडासारखी झाली की तिच्यात ऊब राहत नाही, पिंजून घेतली की तोच कापूस पुन्हा उबदार होतो. कापूस तेवढाच असतो, हवा परत आलेली असते. कपड्याची ही ताकद मोजायला १९४१ साली अमेरिकेत गॅगी, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे एकक सुचवले : साधारण २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला आरामात ठेवील तेवढा कपडा म्हणजे १ क्लो. व्यवहारात जाडीच्या दर इंचामागे सुमारे ४ क्लो मिळतात, मग भरण पिसांचे असो, लोकरीचे असो की पॉलिएस्टरचे. साहित्यामुळे फरक पडतो तो वजनात, ओले झाल्यावरच्या वागण्यात आणि टिकाऊपणात. म्हणजे एक इंच जाडीचा कोट अंगाला इतका घट्ट झाला की खांद्यावर आणि छातीवर तो अर्ध्या इंचापर्यंत दबला, तर तिथली निम्मी ऊब गेली. पैसे मात्र पूर्ण कोटाचे गेले.

घट्टपणाचे दुसरे नुकसान रक्ताभिसरणाचे. मनगटाला, घोट्याला आवळणारा कपडा बोटांकडे जाणारे उबदार रक्त कमी करतो आणि हिमदंश बहुतेकदा बोटांपासूनच सुरू होतो. सैल कपडा मात्र सुरक्षित, असा समज आहे. तो अर्धाच खरा. फार सैल कोटात चालताना प्रत्येक पावलाला आतली तापलेली हवा गळ्यातून आणि खालच्या घेरातून बाहेर ढकलली जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. झपझप चालताना गळ्यापाशी गरम झुळूक जाणवली, तर ती ऊब बाहेर चालली आहे असे समजावे.

थरांची कल्पना आज प्रत्येक गिर्यारोहण वर्गात शिकवतात, पण लष्करात ती पद्धतशीरपणे रुजली ती दुसऱ्या महायुद्धात. त्याआधी थंडी म्हणजे जड ओव्हरकोट, असेच समीकरण होते. १९४१च्या हिवाळ्यात रशियात शिरलेल्या जर्मन सैन्याकडे पुरेसे हिवाळी कपडे नव्हते. लाखाहून अधिक जवानांना हिमदंश झाला आणि जर्मनीत घरोघरी जाऊन लोकरी कपडे, फरकोट गोळा करावे लागले. समोरच्या सोव्हिएत सैनिकाच्या अंगात कापूस भरून टीप मारलेला साधा ‘तेलोग्रेइका’ होता. तो वजनाला हलका होता, त्यात हातपाय हलवता येत होते. अमेरिकेत लष्कराच्या पुरवठा विभागात जॉर्ज डोरिओ यांच्या हाताखाली कपड्यांचा शास्त्रीय विचार सुरू झाला. पॉल सायपल त्याच कामात होते. १९२८ साली बर्ड यांच्या मोहिमेबरोबर बालवीर म्हणून अंटार्क्टिकाला गेलेला हा मुलगा पुढे शास्त्रज्ञ झाला आणि १९४५ साली चार्ल्स पॅसेल यांच्यासह त्याने वाऱ्याने वाढणाऱ्या गारठ्याचे सूत्र मांडले. आज हवामानाच्या बातमीत ‘पारा उणे १५, पण जाणवेल उणे २५’ असे ऐकतो, त्याचे मूळ तिथे आहे. एम-१९४३ हे जाकीट या विचारातून आले : बाहेर वारा अडवणारे घट्ट विणीचे सुती कापड, आत गरजेप्रमाणे स्वेटर किंवा अस्तर. त्यापुढे एम-१९५१, मग १९६५ सालचे एम-६५. अमेरिकी लष्कराची आजची सातथरी व्यवस्था त्याच रांगेतली आहे. तिच्यातला सर्वांत बाहेरचा सातवा थर म्हणजे प्रिमालॉफ्टच्या भरणाचा जाड पार्का. हे भरणसुद्धा १९८०च्या दशकात लष्करासाठी, पिसांना पर्याय म्हणून तयार झाले, कारण पिसे भिजली की गोळा होतात.

या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची सूचना विकणारे सांगत नाहीत. सातवा थर चालताना घालायचा नसतो. तो थांबल्यावर, पहाऱ्यावर, गाडीची वाट पाहताना सगळ्यांच्या वरून चढवायचा असतो. चढण चढताना शरीर स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा पाच-सहा पट उष्णता तयार करते. तेव्हा जाड पार्का घातला तर अर्ध्या तासात आतला बनियन ओला होतो आणि चोसिनच्या बुटांत जे झाले ते अंगभर होते. म्हणून विकत घेण्याआधी स्वतःला विचारावे : मी या थंडीत उभी राहणार आहे की चालणार आहे? बसथांब्यावर वीस मिनिटे उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला जाड, फुगीर पार्का योग्य. बर्फातून तीन तास चालणाऱ्याला वारा अडवणारे पातळ कवच, आत लोकर किंवा फ्लीस, आणि जाड थर पाठपिशवीत. एकाच कोटात दोन्ही कामे करायला गेलात तर एक नक्की बिघडेल.

आता लेबल. समजा, एम-६५ जाकीट हातात आहे. कॉलरच्या आत शिवलेल्या पांढऱ्या कापडी पट्टीवर वरती कपड्याचे नाव, खाली ‘मीडियम-रेग्युलर’, आणि त्याखाली दोन ओळी : उंची ६७ ते ७१ इंच, छाती ३७ ते ४१ इंच. ही मापे कोटाची नाहीत, माणसाची आहेत. हे एकदा लक्षात आले की निम्म्या चुका टळतात. त्याच मीडियम जाकिटावर काखेपासून काखेपर्यंत टेप धरली तर साधारण २३-२४ इंच भरतात, म्हणजे घेर ४६-४८ इंच. चाळीस इंच छातीच्या माणसाला सहा ते आठ इंच मोकळी जागा शिवणाऱ्याने आधीच ठेवलेली आहे, कारण आत सुटे अस्तर आणि लोकरी शर्ट येणार हे त्याला ठाऊक होते. आपल्याकडचा ग्राहक ‘आत स्वेटर घालायचा आहे’ म्हणून एक माप वरचे घेतो. मग आतली जागा गरजेपेक्षा जास्त होते, खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि बाही बोटांवर येते.

अमेरिकी मापात अक्षर छातीसाठी असते, त्यापुढचा शब्द उंचीसाठी. स्मॉल म्हणजे छाती ३३ ते ३७ इंच, मीडियम ३७ ते ४१, लार्ज ४१ ते ४५. एक्स-शॉर्ट म्हणजे उंची ५९ ते ६३ इंच, शॉर्ट ६३ ते ६७, रेग्युलर ६७ ते ७१, लाँग त्यापुढे. आपल्या घरातला पाच फूट चार इंचांचा, ३६ छातीचा मुलगा स्मॉल-शॉर्टचा आहे. दुकानात मात्र तो ‘स्मॉल’ एवढेच पाहतो, रेग्युलर उचलतो आणि कमरेची नाडी नितंबांवर येते. मग नाडी ओढून काहीच उपयोग नाही. छातीचे माप दोन गटांच्या सीमेवर येत असेल, ३७ किंवा ४१, तर बाहेरच्या कोटासाठी वरचा गट घ्यावा, अंगालगतच्या थरासाठी खालचा.

नंतरच्या लेबलांवर नाटोचे माप छापलेले असते, उदाहरणार्थ ७०८०/९४०४. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा वस्तूचा क्रमांक वाटतो. तो असा वाचायचा : उंची १७० ते १८० सेंटिमीटर, छाती ९४ ते १०४ सेंटिमीटर. जागा वाचवण्यासाठी शंभराचा आकडा गाळलेला असतो. छातीच्या बाजूला ९४ला पुढे काही जोडायचे नाही, ०४ला १०० जोडायचे, हे थोड्या सवयीने कळते. ब्रिटिश लष्कर आणखी सोपे लिहिते, १८०/९६ म्हणजे उंची १८०, छाती ९६. त्यांच्या विजारींवर तीन आकडे असतात : आतल्या पायाची लांबी, कंबर आणि सीट. जुन्या सोव्हिएत आणि रशियन कपड्यांवर छातीच्या घेराचा निम्मा आकडा असतो, ५० लिहिले असेल तर छाती १०० सेंटिमीटर. या एका फरकामुळे लोकांनी दुप्पट मोठे किंवा अंगात न शिरणारे बुशलाट, म्हणजे भरणाचे रशियन कोट, मागवलेले मी पाहिले आहेत.

लेबलवरचा तेरा आकडी साठा क्रमांकही वाचावा. त्यातले पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात, ८४१५ म्हणजे खास कामाचे कपडे. पुढचे दोन देश सांगतात : ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १४ फ्रान्स. करार क्रमांकात साल लपलेले असते. ‘डीएसए १००-६९-सी’ असे असेल तर कपडा १९६९च्या कराराचा. साल कळले की साहित्याचा अंदाज येतो आणि किती वर्षे तो कुठल्यातरी गोदामात दबून पडला असेल त्याचाही. बाजारात ‘मिलिटरी स्टाइल’ म्हणून विकली जाणारी असंख्य जाकिटे असतात. त्यांतली काही चांगली असतात. पण त्यांच्या लेबलवर नुसते ‘एल’ असते, उंचीचा पत्ता नसतो, आणि त्यांना वर सांगितलेला हिशेब लागू पडत नाही. त्यांचे माप टेपनेच घ्यावे.

सर्वांत जास्त गोंधळ एम-५१च्या माशाच्या शेपटीसारख्या मागच्या पल्ल्याच्या पार्क्यात होतो. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या मॉड तरुणांनी स्कूटर चालवताना खालचा सूट मळू नये म्हणून तो घ्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून त्याला फॅशनमध्ये जागा मिळाली. मुळात तो जाकीट आणि त्याच्या अस्तरावरून घालायचा होता. त्यामुळे त्याचा स्मॉलसुद्धा प्रचंड असतो. ज्याला तो शहरात नुसत्या स्वेटरवर घालायचा आहे त्याने आपल्या मापापेक्षा एक माप लहान घ्यावा. एरवी मी असा सल्ला कोणत्याही लष्करी कपड्यासाठी देत नाही. सातव्या थराचा पार्काही मोठा वाटतो, पण तो मोठाच हवा, कारण तो सगळ्यावरून जातो.

घालून पाहण्याची संधी असेल तर दुकानात जाताना आतले सगळे थर अंगावर घालून जावे. मिनिआपोलिसमध्ये एका दुकानात नागपूरचा एक मुलगा एक्स्ट्रा लार्ज पार्का घालून आरशापुढे उभा होता. “काकू, हा मोठा होतोय का? पण गरम तर खूप वाटतोय,” त्याने विचारले. दुकानात वीस अंश तापमान होते, तिथे काहीही गरम वाटते. मी त्याला चेन वर ओढायला लावली आणि स्वतःला मिठी मारायला सांगितली. पाठीत ताण नाही, ठीक. दोन्ही हात डोक्यावर. कोटाचा खालचा काठ कमरेच्या वर गेला नाही, तेही ठीक. हात समोर ताणले तेव्हा बाही मनगटाच्या हाडापलीकडे तीन इंच राहिली, हे बरोबर नाही. उकिडवा बसला तेव्हा कॉलर कानांवर चढली. मग चेनच्या आत मूठ घालायला सांगितली. मूठ गेली आणि तिच्या मागे दुसरीही गेली असती एवढी जागा उरली. त्याच दांडीवर मीडियम-शॉर्ट होता. तो अंगात घातल्यावर मूठ आत जाऊन तिथेच थांबली, बाही मनगटावर आली, उकिडवे बसल्यावरही नाडी कमरेवर राहिली. त्याने तो घेतला. लेबल वाचता येत नसेल तेव्हाही या चार-पाच हालचालींनी पुरेसा निर्णय होतो.

स्त्रियांसाठी वेगळे लिहायला हवे, कारण जुने लष्करी कपडे जवळजवळ सगळे पुरुषांच्या शरीरावर बेतलेले आहेत. छाती सर्वांत भरलेल्या ठिकाणी मोजावी आणि नितंबांचा घेर त्याच्याइतकाच महत्त्वाचा मानावा. छातीला बरोबर बसणारा कोट नितंबांवर अडला तर खालची चेन उघडी ठेवावी लागते आणि तिथूनच वारा शिरतो. दुहेरी चेन असलेला, खालूनही उघडणारा पार्का अशा वेळी बसताना, जिना चढताना सोयीचा पडतो. पाच फूट एक इंचाच्या बाईने एक्स-शॉर्ट शोधावा. तो कमी मिळतो, पण मिळतो, आणि बऱ्याचदा स्वस्तही मिळतो कारण घेणारे थोडे. माझा स्वतःचा रोजचा कोट असाच मिळालेला आहे.

लोक वरचा कोट घेऊन थांबतात आणि खाली जीन्स घालतात. सुती जीन्स ओली झाली की पायांना नुसते गार फडके गुंडाळल्यासारखे होते. एम-६५च्या विजारीलाही आत सुटे अस्तर लागते, दोन्ही बाजूंनी कंबर आवळायच्या पट्ट्या असतात आणि गॅलस लावायची सोय असते. कमरपट्ट्याऐवजी गॅलसच लावावेत, कमरेवरची हवा दबत नाही. सातव्या थराच्या विजारीला दोन्ही कडांनी पूर्ण लांबीची चेन असते, म्हणजे बूट न काढता ती चढवता येते. बर्फात उभे राहून बूट काढावे लागलेल्या कोणालाही या चेनची किंमत सांगायला नको.

बुटांचे माप घेताना एकच जाड लोकरी मोजा घालावा. दोन-तीन मोजे कोंबून बूट घट्ट केला की सर्वांत महागडा बूटही गार पडतो. काळ्या मिकी माउस बुटांची मर्यादा उणे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास धरतात, पांढऱ्या ‘बनी’ बुटांची उणे ५४. बुटाच्या बाजूला हवेची छोटी झडप असते, विमानातून जाताना ती उघडायची, कारण हवेचा दाब कमी झाला की आतली कोंडलेली हवा फुगते. जुना बूट घेताना झडप बंद करून बूट पाण्याच्या बादलीत दाबून पाहावा. बुडबुडे आले तर रबर फाटलेले आहे, आतली लोकर कधीतरी भिजलेली आहे आणि ती आता वाळणार नाही. असा बूट फुकट मिळाला तरी घेऊ नये. चांगल्या बुटातही घाम आतच राहतो, तेव्हा दिवसातून एकदा तरी मोजे बदलावे, पाय पुसून कोरडे करावे. हातांसाठी बोटे वेगळी असलेल्या मोज्यांपेक्षा बोटे एकत्र राहतील असे मिटन घ्यावेत. अमेरिकी आर्क्टिक मिटनच्या पाठीवर मऊ लव असते, ती गालावर आणि नाकावर धरून चेहरा उबवण्यासाठी, आणि गळ्यात अडकवायची दोरी असते. ती दोरी लहान मुलांची म्हणून कापून टाकणारे लोक आहेत. वाऱ्यात एक मिटन उडून गेला की तिचा अर्थ कळतो.

जुन्या मालात माप बरोबर निघाले तरी कपडा जिवंत आहे की नाही ते पाहावे लागते. कोट उजेडासमोर धरावा, टीप मारलेल्या चौकटींमध्ये भरण कुठे सरकले असेल तर तिथून प्रकाश जास्त येतो, आणि वाराही तिथूनच येईल. अस्तर दोन बोटांत दाबून सोडावे. पॉलिएस्टर फुगून वर यायला हवे. वर्षानुवर्षे गोदामात गठ्ठ्यात आवळलेले भरण वर येत नाही. लोकरी पाइलच्या अस्तराला कसर लागली आहे का ते काखेत आणि कॉलरच्या आत बघावे, वर दिसत नाही तेव्हाही तिथे भोके असतात. वॉटरप्रूफ कोट आतून उलटा करून शिवणींवरच्या पट्ट्या पाहाव्यात. त्या सुटून पापुद्र्यासारख्या लोंबत असतील तर तो कोट पावसात चालणार नाही, आणि घरी चिकटवून फार दिवस टिकत नाही. कोंदट वास उन्हात जातो, बुरशीचा काळा डाग जात नाही. चेन पूर्ण वर-खाली करून पाहावी. कपडा मळलेला असेल तर धुऊन घ्यावा, आणि ही नुसती स्वच्छतेची गोष्ट नाही : मळ आणि तेलकटपणा धाग्यांमधली हवेची जागा भरून टाकतात. अमेरिकी सैनिकाला थंडीचे चार नियम पाठ करून घेतात, कपडे स्वच्छ ठेव, अंग तापू देऊ नकोस, सैल आणि थराथराने घाल, कोरडा राहा. त्यांत स्वच्छतेचा नियम पहिला आहे.

सुटे अस्तर वेगळे विकत घेताना कोटाच्या अक्षराशी जुळणारेच घ्यावे, मीडियम कोटात मीडियम अस्तर. मोठे अस्तर छोट्या कोटात चुण्या पडून दबते, आणि काजे-बटणेही एकमेकांसमोर येत नाहीत.

भारतातल्या वाचकांसाठी दोन शब्द. १९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात नामका चूच्या काठावर आपले जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि कॅन्व्हासच्या बुटांत होते. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या १९६९ सालच्या पुस्तकाने ही गोष्ट घराघरांत पोचवली. १९८४च्या एप्रिलमध्ये सियाचेनवर जवान चढले तेव्हाही कपडे युरोपातून मागवावे लागले होते. त्यामुळे ‘आर्मीचा माल’ म्हणून आपल्या बाजारात जे विकले जाते त्याबद्दल अभिमानापेक्षा चौकसपणा जास्त ठेवावा. भारतीय लष्कराचा २०२२ सालचा नवा लढाऊ गणवेश लष्कराने स्वतःच्या नावे नोंदवला आहे, त्या नक्षीचे कापड खुल्या बाजारातून घेऊ नये आणि घालूही नये. परदेशी सर्प्लस आणतानाही एकरंगी हिरवा किंवा खाकी घ्यावा, चट्ट्यापट्ट्यांचा नको. जमैका, बार्बाडोससारख्या काही देशांत तर नागरिकाने असे कपडे घालणेच गुन्हा आहे. कोटावर कोणाच्या नावाची पट्टी, पथकाचे चिन्ह राहिले असेल तर ते उसवून टाकावे. तो मान ज्याचा होता त्याच्याकडेच राहू द्यावा.

पुढच्या प्रकरणांत देशांप्रमाणे आणि कपड्यांप्रमाणे मापांचे तक्ते दिले आहेत. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहिले आहेत, कारण अमेरिकी लेबल इंचात बोलते, युरोपचे सेंटिमीटरमध्ये, आणि आपल्याकडचा शिंपी अजूनही इंचांच्या टेपवर माप घेतो. छाती मोजताना टेप काखेखालून, पातळ बनियनवर, श्वास नेहमीसारखा ठेवून घ्यावी. उंची बूट काढून मोजावी. तक्त्यातला आकडा आणि तुमचा आकडा यांत अर्ध्या इंचाचा फरक असेल तर चिंता नको, दोन इंचांचा असेल तर पुन्हा मोजा. मागवण्याआधी विकणाऱ्याला काखेपासून काखेपर्यंतचे, पाठीच्या मध्यापासून मनगटापर्यंतचे आणि कॉलरपासून खालच्या काठापर्यंतचे माप टेप लावून, फोटोसह पाठवायला सांगावे. चांगला विक्रेता ते पाठवतो.